अवूच्या वाट्याची काळी गोटी

गुडघ्याला गुडघा लावल्याशिवाय लहान लेकराच्या दाढा नीट दिसत नाहीत. ही डॉक्टरी पद्धत आहे, थट्टा नाही. दोन खुर्च्या समोरासमोर मांडायच्या. एकीवर डॉक्टर, दुसरीवर लेकराचं माणूस. चार गुडघे टेकले की मधे एक पलंग तयार होतो, त्यावर लेकराला उताणं निजवायचं. डोकं डॉक्टरच्या मांडीवर, पाय आपल्या माणसाच्या कमरेला. लेकराला आपलं माणूस दिसत राहतं, म्हणून ते कमी रडतं. त्या दोन मोठ्या माणसांचं काय होतं, हे मात्र डॉक्टरीच्या पुस्तकात कुणी लिहून ठेवलेलं नाही.

जबलपुरातल्या रांझीच्या बालवाडीत, डिसेंबरातल्या एका गारठलेल्या सकाळी, प्रणाली नगराळे अशीच एका परक्या पुरुषाच्या गुडघ्यांना गुडघे लावून बसली होती. बाहेर मावठ्याचा पाऊस टिनांवर वाजत होता.

"दीदी, थोडं पुढे... और थोडा," डॉक्टर म्हणाला.

"मी तुमची दीदी नाही. अन् याच्यापुढे आले तर खुर्चीवरून पडीन."

तोंडावर मास्क होता, म्हणून त्याचे फक्त कान लाल झालेले दिसले.

"सॉरी. मग काय म्हणू?"

"प्रणाली. नाव ठेवलं आहे घरच्यांनी."

"मी अनुपम. अनुपम देशकर. मदन महलला राहतो. मराठीच आहे मी... बस, नीट बोलता नाही येत."

"ते ऐकू येऊन राहिलं."

दोघांच्या मधे प्रणालीची भाची अवंतिका, म्हणजे अवू, चार वर्षांची, दातखीळ बसल्यासारखी पडून होती. अनुपमने तिच्या हनुवटीवर बोटाने टकटक केली.

"अवंतिका जी, शटर खोलिए. गिऱ्हाईक आलं आहे."

अवू हसली आणि हसताना तोंड उघडलं. अनुपमने टॉर्च आत टाकला, आणि त्याच्या डोळ्यांतलं हसू गेलं. वरचे समोरचे दात करवतून काढल्यासारखे तपकिरी खुंट. खालच्या दाढांत खड्डे, एकीची तर एक अख्खी कड ढासळलेली.

"रात्री दूध?" त्याने हळूच विचारलं.

"बाटलीनं. साखर घालून." प्रणालीने मान वर केली. "तिची आई पहाटे फॅक्टरीच्या क्वार्टरांत पोळ्या करायला जाते. तिचा बाप, माझा भाऊ, फॅक्टरीत ठेकेदाराकडे आहे. लेकरू झोपलं तर घर चालते. आता तुम्ही भाषण देणार असाल तर देऊन टाका."

"नाही देत."

आणि त्याने खरंच दिलं नाही. गोड दुधाची बाटली हे अडाणीपण नसतं, ती गरिबाची आया असते. हे न सांगता कळणारा डॉक्टर प्रणालीने पहिल्यांदाच पाहिला. अवूला उठवताना दोघांचे गुडघे सुटले, आणि गुडघ्यांवर एवढी थंडी वाजते हे तिला त्या सकाळी कळलं.

त्या दिवशी सगळ्या आयांना ओळीत बसवून अनुपम आपल्या तोडक्यामोडक्या मराठीत बोलला. कॉलेजात तो लहान मुलांच्या दातांचं पुढचं शिक्षण घेत होता, आणि त्यासाठी दोन उपायांची तुलना करायची होती. दोन्हींत सुई नाही, घरघरणारं मशीन नाही, लेकराला बेशुद्ध करायचं नाही. एक, चांदीचं औषध. ब्रशने मिनिटभर लावायचं, कीड जागच्या जागी थांबते. पण किडलेली जागा कोळशासारखी काळी पडते, आणि दात पडेपर्यंत काळीच राहते. दुसरा, चमच्यासारख्या बारीक हत्याराने कीड हातानेच खरवडायची आणि पांढरं सिमेंट भरायचं.

नर्मदाबाई उभी राहिली. गल्लीत तिच्या जिभेला पोलीसही वचकून असायचे.

"दोन्हीतलं चांगलं कोणतं जी?"

"तेच तर पाहायचं आहे."

"म्हणजे तुम्हाले माहीत नाही?"

"नाही."

"मग कायले आले?"

बायका हसल्या. प्रणाली हसली नाही. तिच्या आयुष्यात आलेल्या प्रत्येक पुरुषाला सगळं माहीत होतं. हा भर सभेत 'नाही' म्हणाला, मान खाली न घालता. माणूस कशावर भाळेल याचा नेम नाही.

*

कोणत्या लेकराला कोणता उपाय, हे डॉक्टरने ठरवायचं नव्हतं, आयांनीही नाही. डॉक्टर ठरवायला लागला की सोपी लेकरं एकीकडे जातात, आणि आया ठरवायला लागल्या की काळ्याला कुणी हात लावत नाही. म्हणून एका कापडी पिशवीत गोट्या टाकल्या होत्या. काळी आली तर चांदीचं औषध, पांढरी आली तर सिमेंट. लेकराने न बघता हात घालायचा. पिशवी तिऱ्हाइताने धरायची, आणि स्वतःच्या घरचं लेकरू आलं की ती दुसऱ्याच्या हाती द्यायची. अनुपमच्या कॉलेजातल्या विभावरी मॅडमचा हा नियम होता आणि मॅडमचा नियम म्हणजे दगडावरची रेघ.

पिशवी धरायला बालवाडीची ताई म्हणून प्रणाली बसली.

आदल्या दिवशी तिची वहिनी दीपा भाकरी थापता थापता म्हणाली होती, "जे येईल ते येईल. पण पोरगी आहे व... समोरचे दात काळे झाले तर लोक काय म्हणतील?" म्हणाली आणि विसरली. प्रणाली विसरली नाही. तिला स्वतःला दोन ठिकाणांहून नकार आला होता. मुलगी चांगली आहे, शिकलेली आहे, पण. त्या 'पण'च्या पुढे काय असतं हे सावळ्या पोरीला कुणी समजावून सांगावं लागत नाही. अवू मोठी होईपर्यंत हे दात पडून जातील, एवढा हिशेब तिला येत होता. पण रागाला हिशेब येत नसतो. काळं म्हटलं की तिला ते दोन नकार आठवायचे. सकाळी पिशवी हातात आली तेव्हाच तिने एक पांढरी गोटी काढून मुठीत दाबून ठेवली.

अवूची पाळी आली. नियमाप्रमाणे प्रणालीने उठायला हवं होतं, नाहीतर अनुपमने तिला उठवायला हवं होतं. ती उठली नाही. त्याने उठवलं नाही.

अवूने हात घातला, मूठ बाहेर काढली. बोटांच्या फटीतून काळं दिसलं.

"दाखव, दाखव," म्हणत प्रणालीने ती इवलीशी मूठ आपल्या हातात घेतली. उघडली तेव्हा तळव्यावर पांढरी गोटी होती. काळी केव्हाच पिशवीत उतरली होती. तिने वर पाहिलं. अनुपम तिच्याकडेच बघत होता. तिला वाटलं, चेहऱ्याकडे.

पुढची अंजनी, नर्मदाबाईची लेक. तिच्या हातात काळी आली.

*

अवूचे दात पांढरे झाले. आरशासमोरून हलेना पोरगी. अंजनीचे समोरचे दात शाई लावल्यासारखे झाले, आणि गल्लीला खेळणं मिळालं. इकडे बायका गुडाखू, म्हणजे तंबाखूचं काळं मंजन, दातांना लावतात. "एवढीशी पोरगी अन् गुडाखू लावते," म्हणून पोरं चिडवायची. नर्मदाबाईने अनुपमला चौकात गाठलं. "माझ्या पोरीचं तोंड चुलीचं तोंड करून ठेवलं तुम्ही." तो हात बांधून सगळं ऐकत उभा राहिला. प्रणाली त्याच्या मागे उभी होती.

तपासणी तीन महिन्यांतून एकदा होती. अनुपम दर शनिवारी यायचा.

"आज काय तपासायचं?" ती दारातच अडवायची.

"टाळं."

"कुणाचं?"

"बालवाडीचं. नीट लागतं का... पाहायला आलो."

"डॉक्टर लोक टाळे पण पाहतात?"

"शटर, टाळे, सगळं. मोठा कोर्स आहे."

मग तो तिच्याकडून मराठी शिकायचा आणि मुद्दाम चुकायचा. "तुमचं हसणं छान लागते, असं म्हणतात ना?"

"लागते ती भाजी."

"मग हसण्याला काय म्हणतात?"

"काही म्हणत नाहीत. गुपचूप बघतात."

तो गुपचूप बघायचा. खिडकीतून थंड ऊन यायचं, लेकरं जमिनीवर पाट्या घासत बसायची, आणि प्रणालीच्या हातून खडू पडायचा... तो उचलायला दोघंही वाकायचे.

एकदा दोघं सदर बाजारात गेले. खव्याच्या जिलबीची पहिली परात उतरत होती. जबलपूरची ही जिलबी रंगाने काळपट असते, आणि म्हणून तिला कुणी नाकारलेलं प्रणालीने ऐकलं नव्हतं.

"दाताचा डॉक्टर अन् जिलबी?"

"कुणाला सांगू नका. प्रॅक्टिस डुबेल."

तिने कागदाला बोटं पुसली आणि सरळ सांगून टाकलं. "मला दोन ठिकाणांहून नकार आला आहे. रंगावरून. तुमच्या आईला नंतर कळण्यापेक्षा तुम्हाला आधीच माहीत असू द्या."

अनुपम घास चावत राहिला. मग म्हणाला, "त्यांचा नंबर आहे?"

"काहून?"

"थँक्यू म्हणायचं होतं."

प्रणालीने मान फिरवली. रस्त्यावरून फौजी कॉलनीतल्या बायका भाजीच्या पिशव्या घेऊन चालल्या होत्या, ऑटोवाले हाका घालत होते, आणि एवढ्या गर्दीत हिचे डोळे भरून आले होते. थोड्या वेळाने तिने जिलबीचा शेवटचा तुकडा त्याच्यापुढे सरकवला.

*

फेब्रुवारीत अवूच्या त्या ढासळलेल्या दाढेतलं सिमेंट निघालं. पापडी खाताना तुकडा हातात आला. अवूने तो घरात कुणालाच दाखवला नाही, आत्यालाच आणून दिला, कारण दातांचं खातं आत्याकडे होतं.

प्रणालीने टॉर्च लावला. खड्डा पुन्हा उघडा होता, आधीपेक्षा खोल. फोन तिच्या हातातच होता. अनुपमने बजावून ठेवलं होतं, काही निघालं, तुटलं, दुखलं, की लगेच सांगा. वेळेवर कळलं तर त्या दाढेवर स्टीलची टोपी बसवता येते, सुई न टोचता.

तिने फोन केला नाही. केला असता तर तो आला असता, वाकून बघितलं असतं, विचारलं असतं. आणि त्याने विचारलं की आपल्याला खोटं बोलता येणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पिशवीपर्यंत गोष्ट गेली असती. आणि त्याच शनिवारी तो तिला मदन महलला आईकडे नेणार होता.

शनिवार झाला की सांगू. शनिवार झाला. आईने चहा दिला, पोहे दिले, दारापर्यंत सोडायला आली, एकही 'पण' न उच्चारता. आता तर सांगणं आणखी अवघड झालं. अवू रात्री गाल धरून कण्हायची, प्रणाली दाढेत लवंग दाबायची. पुढच्या आठवड्यात सांगू... पुढच्या आठवड्यात अवूचं दुखणं आपोआप थांबलं. प्रणालीने सुटकेचा श्वास सोडला.

दाढ मेली होती, म्हणून दुखत नव्हती. कीड आत कामाला लागली होती.

होळीच्या दुसऱ्या दिवशी अवू उठली ती जबड्याखाली मोठी गाठ घेऊन. दुपारपर्यंत मान सुजली. अंगात ताप, तोंड उघडेना, थुंकी गिळता येईना, ती ओघळून फ्रॉकवर पडत होती. प्रणालीने अनुपमला फोन लावला. त्याने नुसतं "गिळता येतं का?" एवढं विचारलं, आणि "नाही" ऐकताच, "मी पोहोचेपर्यंत थांबू नका, मोठ्या दवाखान्यात न्या," म्हणून ओरडला. तो दवाखान्याच्या दारातच भेटला. सुशांतच्या, म्हणजे प्रणालीच्या भावाच्या, कडेवरून त्याने अवूला घेतलं आणि पळत सुटला.

जे टाळायला हे सगळं होतं, सुई नको, मशीन नको, बेशुद्धी नको, ते सगळं एका दुपारी अवूच्या वाट्याला आलं. श्वास अडू नये म्हणून नळी घातली. जबड्याखाली चाकूने चीर देऊन पू काढला. खालच्या दोन दाढा उपटल्या. ती जगेल की नाही हे सांगायला कुणी तयार नव्हतं. दीपावहिनी भिंतीला टेकून बसली होती, रंग लागलेल्या हातांची बोटं मोडत.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, वाचेल. तेव्हा प्रणाली अनुपमला वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात घेऊन गेली. भर दुपार होती. बाकाखाली एक कुत्रं झोपलं होतं.

"मला काही सांगायचं आहे. त्या दिवशी पिशवी..."

"मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"काळी आली होती." तो जमिनीकडे बघत होता. "मी पाहिलं होतं."

प्रणालीला क्षणभर काही कळेचना. मग एकदम सगळं कळलं. तो तिच्या चेहऱ्याकडे नव्हता बघत. हाताकडे बघत होता.

"पाहिलं होतंस?" 'तुम्ही' कुठे गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही. "अन् गप्प बसलास? काहून?"

"सगळ्या बायका होत्या समोर. मला वाटलं... टोकलं तर तू परत माझ्याशी कधी बोलणार नाहीस."

"नसते बोलले. दोन दिवस नसते बोलले. फार तर महिनाभर नसते बोलले. अवू तर बोलली असती. आता तिच्या गळ्यात नळी आहे."

त्याने वॉर्डाच्या दाराकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं, सिमेंट टिकणार नाही?"

"माहीत नव्हतं. शंका होती. अशा कडा ढासळलेल्या दाढेत... शंका होती."

"शंका असली की माणूस तोंड उघडतो."

"हो." त्याने मान वर केली. डोळे लाल होते. "आणि तू? ते निघालं तेव्हा?"

त्याने हे रागाने विचारलं नव्हतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. प्रणाली बाकावर बसली. प्रेम आंधळं असतं म्हणणाऱ्यांनी एकदा या व्हरांड्यात येऊन बसावं. या दोघांच्या प्रेमाला लख्ख दिसत होतं. प्रेमाने सगळं पाहिलं आणि जिभेला कुलूप लावलं, कारण दोघांनाही आपापला शनिवार वाचवायचा होता. किंमत मोजली ती चार वर्षांच्या पोरीने, जिला कुणी विचारलंच नव्हतं.

अनुपम तिच्या शेजारी बसून म्हणाला, "मी प्रेम करतो तुझ्यावर."

"हे आत्ता सांगून राहिला?"

"आधी सांगितलं असतं तर... गोटीचं लपवून सांगितलं असतं."

ती उठून आत गेली.

*

अवूला घरी आणल्यावर प्रणालीने वहिनीला सगळं सांगितलं. गोटी, सिमेंट, लवंग, काही गाळलं नाही. अनुपमने पाहिलं होतं, तेही सांगितलं. दीपा अवूच्या फ्रॉकच्या घड्या घालत होती. शेवटपर्यंत घालत राहिली.

"काळा दात पडला असता व," ती म्हणाली. "पाच-सहा वर्षांत आपोआप पडला असता. हा डाग कसा जाईल?"

अवूच्या जबड्याखाली बोटभर लांबीचा लालभडक व्रण होता. दीपाने प्रणालीच्या मांडीवरून लेक उचलून घेतली, आणि त्यानंतर नणंदेशी बोलणं टाकलं. एकाच घरात, एकाच चुलीवर, एक शब्द नाही. सुशांत बहिणीने वाढलेलं ताट बाजूला सारायचा आणि स्वतः वाढून घ्यायचा. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

अनुपमने विभावरी मॅडमला जाऊन सांगितलं. एका गोटीचं खोटं निघालं म्हटल्यावर बाकीच्या गोट्यांचा तरी भरवसा काय, असं म्हणून मॅडमनी रांझीची सगळी लेकरं अभ्यासातून काढली. त्याचं वर्ष गेलं. खरं बोलला म्हणून कुणी पाठ थोपटली नाही, आणि थोपटायची गरजही नव्हती.

प्रणाली नर्मदाबाईच्या दारात गेली. अंजनी अंगणात ऊस सोलत बसली होती. तिच्या काळ्या दातांत ना ठणका होता ना सूज. कीड दगड होऊन बसली होती.

"ती काळी अवूची होती," प्रणाली म्हणाली. "मी बदलली. मग तुमच्या अंजनीला काळी आली."

नर्मदाबाईने सूप खाली ठेवलं. "म्हणजे मायी पोरगी दोन महिने रडली, ते तुया भाचीच्या वाट्याचं रडली?"

"हो."

"तू मायवालीचं वाईट कराले गेली, अन् तिचं भलं झालं. आता तुले शिव्या देऊ का ओवाळू, तूच सांग." मग तिने अंजनीकडे पाहिलं आणि आवाज उतरला. "बस. पाणी पी. तोंड पाहाय कसं झालं तुयं. अन् एक सांगतो, पोरींच्या काळ्याची तुले एवढी भीती होती, तर तू स्वतःले रोज आरशात कशी पाहत होती व?"

प्रणाली पाणी प्यायली. या प्रश्नाचं उत्तर देता आलं असतं, तर ही गोष्ट घडलीच नसती.

*

खरं संकट अजून बाकीच होतं. अवूच्या वरच्या दाढाही आता किडायला लागल्या होत्या, आणि अवू आता कुणासमोर तोंड उघडत नव्हती. ब्रश दिसला की किंचाळायची. पांढरा शर्ट दिसला की पलंगाखाली जायची. वेळेवर काही केलं नाही तर पुन्हा तीच नळी, तोच चाकू. बळजबरीने धरून करायला अनुपमने साफ नकार दिला. "आता धरलं तर ती आयुष्यभर उघडणार नाही."

एका रविवारी तो घरी आला, पिवळा टी-शर्ट घालून. दीपा दारात आडवी उभी राहिली.

"पोरीला हात लावायचा नाही."

"नाही लावणार. बाहेर बसू का?"

दीपा आत वळली, पण तिने दार लावलं नाही. तो ओट्यावर बसला. तासभर बसला आणि गेला. पुढच्या रविवारी पुन्हा. एप्रिल संपला, ऊन चढलं, ओट्याची फरशी तापायला लागली. सुशांत बाजूने निघून जायचा. अवू दाराच्या फटीतून पाहायची, गळ्याभोवती आईची ओढणी गुंडाळून. प्रणाली आत मोरीपाशी भांडी घासत बसायची, आणि भांडी घासून संपली की घासलेलीच पुन्हा घासायची.

एकदा ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, तेव्हा त्याने हळूच विचारलं, "त्या दिवशीचं उत्तर...?"

"ती तोंड उघडेल त्या दिवशी विचार."

"वर्ष लागेल कदाचित."

"लागू दे. तुझं तसंही एक वर्ष गेलंच आहे."

त्याला हसू आलं, आणि ते त्याने गिळलं.

मे महिन्यातल्या एका रविवारी दाराची फट मोठी झाली. अवू बाहेर आली, आईचा मोबाइल छातीशी धरून. अनुपमपासून हातभर लांब उभी राहिली. कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. मग घोगऱ्या आवाजात म्हणाली, "तुम्ही करा आ."

अनुपमने तोंड उघडलं. तापल्या फरशीवर, साऱ्या गल्लीसमोर, आ वासून बसला. अवूने मोबाइलचा टॉर्च लावला, आणि हात न लावता, लांबूनच, त्याच्या तोंडात पाहू लागली. भिंतीपलीकडून नर्मदाबाईचं डोकं वर आलं. दीपा दारात येऊन उभी राहिली. कुणी हललं नाही.

"एक किडली आहे," अवूने निकाल दिला.

"खरंच?" त्याने आ तसाच ठेवून विचारलं.

"मागची. मोठं भोक आहे."

"मग... काय करू?"

अवूने विचार केला. "काळं लावा," ती म्हणाली. "दुखत नाही. अंजनीला विचारा." आणि ओठ घट्ट मिटून आत पळाली.

नर्मदाबाईने पदराने तोंड दाबलं. दीपा अजून दारातच होती. ती प्रणालीकडे न बघता म्हणाली, "चहा टाक व. उन्हाचा बसला आहे तो." दोन महिन्यांनंतर तिने नणंदेशी काढलेला हा पहिला शब्द. तेवढं बोलून ती लेकीच्या मागे आत गेली.

प्रणाली तिथेच उभी राहिली.

"तिने उघडलं नाही अजून," अनुपम म्हणाला.

"नाही."

"म्हणजे विचारायचं नाही."

"नाही विचारायचं." तिने डोळे पुसले, ओढणी सारखी केली, आणि चहा टाकायला वळता वळता थांबली. "पण पुढच्या रविवारी लवकर ये, ऊन चढायच्या आधी. तुझी दाढ किडली आहे, ऐकलंस ना... पोरगी तपासायला बसेल."